हद्द आमच्यापर्यंत आली, पाणी यायचं आहे

माननीय नगरविकास मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सिंहगड रस्त्यालगतच्या एका गावात राहतो. गाव म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. कागदावर आम्ही 30 जून 2021 पासून पुणे शहर आहोत. त्या दिवशी आपल्या खात्याची अधिसूचना निघाली आणि 23 गावं एका फटक्यात महापालिकेत गेली. हद्द 500 चौरस किलोमीटरच्या पुढे सरकली, क्षेत्रफळात पुण्यानं मुंबईला मागं टाकलं. पेढे वाटणारे होते, तसे कपाळाला हात लावणारेही होते. ग्रामपंचायतीची दप्तरं टेम्पोत भरून गेली. मी त्या पंचायतीचा माजी सदस्य, तेव्हा टेम्पोमागं थोडा वेळ उभा राहिलो, एवढंच.

पाण्याबद्दल लिहितो. बाकीचं त्यातच येतं.

खडकवासला धरण माझ्या घरापासून दुचाकीवर पंधरा मिनिटांवर आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून या साखळीत जवळपास 29 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते आमच्या अंगावरून पुण्याला जातं, कालव्यानं दौंड-इंदापूरकडे जातं. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण कुणी काढली ठाऊक नाही, पण तो माणूस आमच्याच बाजूचा असावा. आमच्या पट्ट्यात धरणाचं पाणी विहिरीत यायचं, त्यात ब्लिचिंग पावडर पडायची आणि तेच नळाला सुटायचं. शुद्धीकरण प्रकल्प नव्हता. गावं महापालिकेत गेली, विहीर महापालिकेची झाली, पद्धत मात्र तीच राहिली.

जानेवारी 2025 मध्ये काय झालं ते आपण जाणताच. आमच्या सिंहगड रस्त्याकडचं नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागातून जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघू लागले. आधी जुलाब, मग पायातली ताकद जायची. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. पुणे आणि परिसरात मिळून आकडा दोनशेच्या पुढे गेला, माणसं दगावली. तपासात पाण्याकडे बोट गेलं. तेव्हा कुठं विहिरीजवळ गाड्या आल्या, साहेब आले, कॅमेरे आले. पाणी शुद्ध करून विकणाऱ्या खासगी आरओ केंद्रांना टाळं लागलं. आमच्या आळीत त्या महिन्यात पाणी उकळून उकळून गॅस सिलिंडर आठवडाभर आधीच संपत होता.

आता कुणी म्हणेल, ग्रामपंचायत असताना तुम्ही काय दिवे लावले होते? बरोबर आहे. इमारतींना ना हरकत दाखले देताना हात वर करणाऱ्यांत मी होतो. पाणी कुठून येणार, हा प्रश्न आम्ही विचारत नव्हतो. बिल्डर टँकरचं हमीपत्र देत होता आणि आम्ही ते वाचल्यासारखं करत होतो. पण पाणी गढूळ आलं की बायका घागर घेऊन सरपंचाच्या दारात उभ्या राहायच्या आणि सरपंचाला मागच्या दारानं जाता येत नसे, कारण मागच्या दारालाही आमचीच भावकी. हद्दवाढीनं ते दार गेलं. बदल्यात नगरसेवकाचं दार मिळायला हवं होतं. तर मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे पंचायत गेल्यापासून साडेचार वर्षं आमचा निवडून दिलेला एकही माणूस ना पंचायतीत होता, ना महापालिकेच्या सभागृहात. जीबीएसची साथ नेमकी त्याच काळातली.

आणि निवडणूक झाली ती चार-चार जणांच्या प्रभागात, 2011 च्या जनगणनेच्या आकड्यांवर. 2011 मध्ये माझ्या घरासमोर भुईमूग होता. आज तिथं बारा मजली तीन इमारती आहेत. त्यातलं एकही कुटुंब त्या आकड्यात नाही, आणि पाण्याच्या हिशोबात ती धरलीत की नाही हे मला कुणी सांगत नाही.

शहरीकरणानं पैसा आला, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. आमच्या सातबाऱ्यावर आता नऊ गुंठे उरलेत, त्यावर सहा खोल्या आहेत, त्यांच्या भाड्यावर माझं घर चालतं. भाडेकरू लातूरचे, झारखंडचे. एक तर मराठवाड्यातल्या नांदेडचा, तो आमच्या नांदेडला कामाला जातो आणि गावाकडे फोनवर हे समजावताना त्याची रोज तारांबळ उडते. पण हीच माणसं पाण्यासाठी सगळ्यात जास्त मोजतात. सोसायटीतला माणूस टँकरचे पैसे मेंटेनन्समधून देतो, ते शे-दोनशे घरांत वाटले जातात. माझा भाडेकरू रोज वीस लिटरचा जार विकत घेतो. महिन्याचे सहा-सातशे रुपये त्यात जातात. दिवसभर स्लॅबचं काम करणाऱ्या माणसाचे. शेताचा गुंठा झाला, गुंठ्याचा फ्लॅट झाला, दर पायरीला जमिनीची किंमत वाढली. ती वाढ आम्हा मालकांच्या, दलालांच्या, बिल्डरांच्या खिशात गेली. विकास शुल्क सरकारनंही घेतलं. पाईपलाईन तेवढी कुणाच्याच खिशातून निघाली नाही.

हडपसरकडे मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, सुमारे 400 एकर, आणि स्वतःच भागीदार झाले. आम्हाला ते जमलं नाही. भावकीत बांधावरून कोर्टात गेलेली माणसं आम्ही, कंपनी कुठली काढणार! तो दोष आपल्या खात्याचा नाही.

खात्याचा दोष वेगळा आहे. 1997 मध्ये पुण्यात 38 गावं घेतली, मग विरोध झाला तशी त्यातली बरीच वगळली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी 2017 मध्ये घेतली, पुढं बाहेर काढून त्यांची नगरपरिषद केली. शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसलेली ही गावं. गाव घ्यायला किंवा काढायला एक अधिसूचना पुरते, तिला पैसे लागत नाहीत. आता चाकण, हिंजवडीकडे नव्या महापालिका करायची चर्चा आहे, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं असं, की यापुढं हद्दवाढीच्या अधिसूचनेतच गावनिहाय लिहा: शुद्ध केलेलं पाणी कुठून येणार, पैसे कोण देणार, कोणत्या तारखेला येणार. ते लिहिता येत नसेल तर ते गाव घेऊ नका. पंचायत बरखास्त होते त्या दिवसापासून निवडणुकीपर्यंत महिन्यातून एकदा अधिकाऱ्यांनी जुन्या चावडीवर बसावं आणि लोकांसमोर हिशोब द्यावा. यासाठी फार नवं काही लागत नाही. 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे, मतदारांनी एकत्र बसून बोलायची. आमच्या भागात ती कधी भरल्याचं मला आठवत नाही. ग्रामसभेला कोरम नसेल तर आम्ही तहकूब तरी करायचो.

उत्तर पाठवायचं झालं तर पत्त्यात गावाचं नाव जरूर घाला. प्रभाग क्रमांकावर आमच्याकडे पत्र पोचत नाही, पोस्टमनला अजून गावच माहीत आहे.

आपला,
सिंहगड रस्त्यालगतच्या एका समाविष्ट गावातला माजी ग्रामपंचायत सदस्य