बाबा, ‘लक्ष नव्हतं’ एवढ्यावर सोडू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, की बाबा रात्री बाथरूमला उठले आणि पडले, पण काही लागलं नाही. मागून बाबांचा आवाज आला, “अगं, लक्ष नव्हतं माझं.” तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हे पत्र.

बाबा, ठेच तरुणपणीही लागते. पण तेव्हा दुसरा पाय आपोआप पुढे पडतो आणि माणूस सावरतो. वयाबरोबर कमी होतं ते हे सावरणं. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग, तळपायांची जाणीव आणि मांड्यांची ताकद हे सगळं एकाच वेळी लागतं. यातलं प्रत्येक थोडंथोडं उणावलं, की एक ओली फरशीही पुरते. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश माणसं दर वर्षी एकदा तरी पडतात. म्हणून यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ते लपवून ठेवलं तर कारण तसंच राहतं आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते.

तुम्ही झोपेतून उठून लगेच चालू लागलात, हे मला महत्त्वाचं वाटतं. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं. शरीराने ते पटकन सावरलं नाही तर रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. डॉक्टरांना आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी दाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्याकडे लक्ष द्यायला हवं. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेचीसुद्धा. झोपेच्या, रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी तोल जाऊ शकतो. मात्र मनाने एकही बंद करू नका. तोवर उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय हलवा, मग उभे राहा.

आई, तुझ्या चष्म्याचंही बघायला हवं. बायफोकलचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यामुळे जिना उतरताना पायरीची कड त्यातून धूसर दिसते. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करता येईल का, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचार. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नकोस.

घरातलं तुम्हाला सांगायची गरज नाही: बाथरूममध्ये आधाराची दांडी, रात्री मंद दिवा, सरकणारी पायपुसणी काढून टाकणं, टाच झाकणारी चप्पल. दांडी भिंतीत पक्की बसवा, टॉवेल अडकवायच्या दांडीवर भार टाकू नका.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. आई, आता तू बाबांना “बसून राहा” म्हणशील. कृपा करून तसं करू नकोस. भीतीने हालचाल कमी झाली, की पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासून २०१९ साली निष्कर्ष निघाला, की व्यायामाने पडण्याचं प्रमाण जवळजवळ पाव भागाने घटतं. पण त्यात तोलाचा आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम हवा. नुसतं फिरणं पुरेसं नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून चालणं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि दोघं मिळून करा. सोडू मात्र नका, सोडलं की फायदा ओसरतो.

आणि तरीही पडलात, तर घाईने उठू नका. आधी कुठे दुखतंय ते बघा. कुशीवर वळा, हात-गुडघ्यांवर या, रांगत जड खुर्चीपाशी जा, तिच्यावर हात टेकून एक पाय पुढे घ्या आणि वळून बसा. खुब्यात कळ असेल किंवा पाय बाहेर वळलेला दिसला, तर जागचे हलू नका, मदत बोलवा. त्यासाठी मोबाइल खिशात ठेवा, टेबलावर नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार बसला, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचंच.

डॉक्टरांची वेळ ठरली की कळवा. त्या वेळी मी फोनवर थांबेन, मलाही त्यांना काही विचारायचं आहे.

तुमची,
लेक