शेवटचा अर्धा सेकंद

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर माझ्या गेम कंपनीतल्या कामावरून विषय निघाला तेव्हा तुम्ही तुमच्या गिरणीचा दाखला देत म्हणालात, "कापड खराब निघालं तर मॅनेजरला विचारायचं, बदली कामगाराला काय धरता?" मी हो हो केलं आणि फोन ठेवला. पटलं नव्हतं. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव. त्यांचा चष्मा अजून चिपळूणलाच पडलेला असणार.

मी नक्की काय करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या गेममध्ये ४९ रुपयांना एक पेटी मिळते. आत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. उघडताना वस्तू एका पट्टीवरून सरकत जातात, वेग मंदावतो, सोनेरी तलवार काट्याखाली येते न येते तोच पुढे निसटते. खरं तर बटण दाबलं तेव्हाच काय निघणार ते ठरलेलं असतं. तलवार जवळ येते ते नुसतं दाखवायला, मुलाला वाटावं की थोडक्यात हुकलं. तो शेवटचा अर्धा सेकंद माझा. तलवार कुठे अडखळावी यावर मी तीन आठवडे घालवलेत. जमलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला सांगू, मला छान वाटलं होतं.

लालबागला पगाराच्या दिवशी गेटबाहेर मटक्याची चिठ्ठी लिहिणारा बसायचा, आठवतो? तुम्ही म्हणायचात, त्या बिचाऱ्याला काय, तो कमिशनवर. आकडा काढणारे वेगळेच. आणि आई म्हणायची, "माझ्या डब्यातलं पीठ त्याच्याच पेन्सिलीने संपतं." तेव्हा मला आईच भांडकुदळ वाटायची.

आता शिव्या कोण खातं ते ऐका. आमच्याकडे तक्रारी घेणारी एक मुलगी आहे, कंत्राटावर, अंबरनाथहून येते. गेल्या महिन्यात एका बाईंचे ३८ हजार गेले, मुलाने त्यांच्या फोनवरून पेट्या घेतल्या. त्या हिला म्हणाल्या, "तुमच्या घरात लेकरं नाहीत का?" ती पेटी हिने बनवली नाही, पैसे परत द्यायचा अधिकारही हिला नाही. तिला तुमची बदली कामगाराची गोष्ट लागू आहे, बाबा. मला नाही. मला कळत होतं, आणि काम माझ्या हातात होतं.

"तू बोलून काय फरक पडणार?" हे आईचं. फोर्टनाइट हा गेम काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीचं २०२२ चं प्रकरण बघ. बटणं अशी मांडलेली की गेम लोड होताना चुकून बोट लागलं तरी पैसे कापले जायचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायला लावले. त्यांच्या आरोपात होतं की दहा लाखांवर तक्रारी आल्या, आणि कंपनीतले लोकही पुन्हा पुन्हा सांगत होते, तरी दुर्लक्ष झालं. म्हणजे बोलून थांबलं नाही, हे खरं. पण कोणी बोललं होतं म्हणूनच "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची सोय उरली नाही.

आमच्याकडे विचारलं की उत्तर तयार असतं: कायद्यात बसतं. आपल्याकडच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. आमच्या पेटीतून पैसे निघत नाहीत, तलवार निघते. बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने २०१८ मध्येच असल्या काही पेट्या जुगारात धरल्या, पण बेल्जियम कुठे आणि मालाड कुठे!

सोमवारी मी मेल टाकला. तलवारीचं ते अडखळणं काढा, आणि ती निघण्याची शक्यता किती ते पेटीवरच छापा. तोंडी बोलले असते तर हवेत गेलं असतं. अजून उत्तर नाही. माझा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, जेवताना दुसऱ्या टेबलावर बसतो. नोकरी सोडलेली नाही, नालासोपाऱ्याच्या घराचे हप्ते तुम्हाला माहीत आहेत. म्हणजे महिन्याच्या १ तारखेला त्या पेटीतलेच पैसे माझ्या खात्यात येतात, आणि त्यातले तुमच्याकडेही. हे लिहायला दोन दिवस लागले.

गणपतीला चार दिवस आधी येते. बाबा, तो चिठ्ठीवाला गिरणी बंद झाल्यावर कुठे गेला, तुम्हाला कधी भेटला का?

तुमची,
मनू