नान्या, डबडं चांगलंच होतं

अमळनेर,
मे महिना, भर दुपार

प्रिय नान्या,

पाडव्याला फोनवर मी जे बोललो त्यावर तू नुसतं "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. शिव्या घातल्या असत्यास तर दुसऱ्या दिवशी मीच परत फोन केला असता. तुझ्या त्या "बरं"पायी इतके दिवस गेले. तब्येती ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच.

आता ऐक. कॉम्प्युटर चांगला आहे. दिवाळीत तू फरशीवर मांडी घालून जोडलास तेव्हाही चांगला होता, आणि "पुण्याचं भंगार माझ्या गळ्यात मारलंस" असं मी म्हणालो तेव्हाही चांगलाच होता. पण हे कळेपर्यंत काय काय झालं ते सांगू कुणाला? हिला सांगायला गेलो तर म्हणे, "झाला ना नीट? मग बिलं काढा." बिबड्या-पापडांचा सीझन, ऑर्डरी तुंबलेल्या. तिचंही बरोबर.

होळी झाली आणि सुरू झालं. रोज दुपारी बाराच्या पुढे. टुडुंग, माउस गेला. टुडुंग, आला. मग प्रिंटर. मग दोघं जोडीने. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३. त्याचा अर्थ तुला पाठ असेल : या वस्तूनेच आपली गडबड कळवली म्हणून विंडोजने तिला थांबवलं. म्हणजे तक्रार द्यायला गेलेल्यालाच आत टाकलं.

मी ड्रायव्हरच्या, म्हणजे माउस-प्रिंटर चालवणाऱ्या त्या प्रोग्रामच्या, मागे हात धुऊन लागलो. काढला, टाकला, रोल बॅक केला. मदरबोर्डाच्या कंपनीकडून चिपसेटचा ड्रायव्हर उतरवला. यूएसबी हबची वीज वाचवायची खूण काढली. केबल बदलली. रॅम काढून खोडरबरने घासली. रॅमचा आणि माउसचा काय संबंध म्हणशील, पण आपल्या वेळी सगळ्या रोगांवर तेच औषध होतं ना! प्रिंटरची तर वेगळीच तऱ्हा. पोर्ट बदललं की विंडोजला वाटे नवा प्रिंटर आला. कॉपी १, कॉपी २ करत घरात पाच प्रिंटर झाले. हिची बिलं भलत्याच्याच रांगेत जाऊन बसायची. घरात खरा प्रिंटर एकच, तोही अर्धा.

शेवटी फॉरमॅट मारला. रात्री सगळं झकास. दुसऱ्या दिवशी साडेबाराला टुडुंग. त्या दिवशी मी तुला फोन केला.

तू विचारलंस, "रिस्टार्ट केलास का?" मी म्हणालो, बंद करून चालू केला, तेच ते. तू म्हणालास, तेच ते नाही. तिथेच पेटलं. आता मला कळलंय. विंडोज ८ पासून ते फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन केलं तरी आतला अर्धा संसार डिस्कवर बांधून ठेवतं आणि सकाळी तेच गाठोडं सोडतं. सगळं खरोखर नव्याने सुरू होतं ते रिस्टार्टनेच. हा मुद्दा तुझा. पण रिस्टार्ट करूनही माउस गेलाच होता, तेव्हा अर्धाच तुझा. आणि २००१ च्या पावसाळ्यात वीज कडाडत असताना टेलिफोनची वायर काढायची पाळी तुझी होती. तो जळालेला मोडेम मी अजून तुझ्याच खात्यावर धरलाय.

तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ताई आली. तिचा धाकटा अनवाणी पायांनी टेबलापाशी गेला, कॅबिनेटला हात लावला आणि ओरडला, "मामा, हे चावतं!" मी हात लावला, काही नाही. पायात स्लीपर होती ना! काढली. फरशी नुकतीच पुसलेली. झिणझिण, थेट कोपरापर्यंत. टेस्टर लावला तर पेटला. मीटरचं एक टोक कॅबिनेटला, दुसरं बोअरच्या लोखंडी पाइपला : १०४ व्होल्ट. भो, मी मटकन खाली बसलो. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात, फेजवरून एक आणि न्यूट्रलवरून एक असे दोन बारके कपॅसिटर बॉडीला आलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडी २३० च्या अधेमधे लोंबकळते. करंट नखाएवढा म्हणून माणूस नुसता झिणझिणतो, पण त्यात आणखी थोडी भर पडली की माउस-प्रिंटरचं डोकं फिरतं. पिन तीन होत्या, बोर्डात भोकंही तीन, तिसऱ्याच्या मागे कुणी नाही.

मग दुपारीच का? कूलर! हॉलमधला कूलर त्याच बोर्डावर, त्याच्या मोटरचा गोंधळही त्याच बेवारस अर्थिंगवरून कॅबिनेटात शिरायचा. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, बारा वाजले की तो सुरू. संध्याकाळी त्याला ढकलत आईच्या खोलीत नेतो, आणि मग मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसतो. मी रोज रात्री निरोगी माणसाला औषध देत होतो. खात्री करायला कूलर चालू-बंद करत बसलो तर आई करवादली, "काय करी राहिना तू? तुन्हं डबडं बंद कर, कूलर बंद नको करू!"

यापुढचं फक्त तुलाच कळेल. मोरीमागचा तो खड्डा आठवतो? आबा दर उन्हाळ्यात तिथे दोन बादल्या पाणी ओतायचे, आणि तू विचारायचास, "आबा, झाड कधी उगवणार?" आबा हसायचे, सांगायचे काही नाही. तो अर्थिंगचा खड्डा, नान्या. कोळसा-मिठाचा. आबा गेल्यापासून चार उन्हाळे तिथे कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नाही. आपली काळी माती. सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रॉडभोवतीची माती सुटलेली, वरची क्लॅम्प गंजून तार नुसती टेकलेली. वायरमनने क्लॅम्प बदलली, कोळसा-मीठ भरलं. पाणी मी ओतलं. दोन बादल्या. तिसरी ओतायला लागलो तर तो म्हणाला, "साहेब, बस झालं." मीटर तीनवर. कूलर चालू. टुडुंग नाही.

दिवाळीत तू निघताना म्हणाला होतास, "बोर्डाचं अर्थिंग बघून घे." मी म्हणालो होतो, पुण्यात राहून घाबरट झालास. ते शब्द परत घेतले. भंगार म्हणालो तेही घेतलं. मोडेमचं तेवढं राहू दे.

पोरीचा बारावीचा निकाल काय लागला? तुझ्या बदलीचं मिटलं का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून ताईकडून कळलं, मी फोन करायला हवा होता. बिबड्यांचा डबा वेगळा पाठवतोय, तळताना तेल कडकडीत ठेव.

तुझा,
बापू

ता. क. कॉम्प्युटरचं घड्याळ रोज सकाळी मागच्या तारखेवर जातं आणि त्यामुळे बँकेची साइट उघडत नाही. मदरबोर्डावरचा घड्याळाचा सेल (सीआर २०३२) बदलला, तरी तेच. सेल तर नवा आहे. ही भानगड फोनवर सांगतो, रविवारी दहा वाजता उचल.