ताणाच्या दिवसांत लागणारा काईट

वरूड तालुक्यातून,
१४ नोव्हेंबर

प्रिय प्रशांत,

परवा तू फोनवर काईटबोर्डिंगच्या, म्हणजे पाण्यावर आपल्याला बोर्डसकट ओढून नेणाऱ्या, त्या नऊ मीटरच्या (नऊ चौरस मीटर कापडाच्या) नव्या काईटबद्दल एवढं भरभरून सांगत होतास, सवलत आहे तर मीही तोच घ्यावा म्हणत होतास आणि मी नुसता हूं हूं करत होतो. बाजार समितीत उभा होतो, समोर व्यापारी आणि आजूबाजूला गाड्यांचा गोंगाट. तिथे काय बोलणार? म्हणून आता जेवणं आटोपल्यावर निवांत लिहायला बसलोय.

संत्र्याच्या बगीच्याचा माल दिला एकदाचा. विसार हातात आला आहे, तोडा आठवडाभरात उरकेल. घरचं, औषधाचं, खताचं सगळं बाजूला काढून काईटसाठी एक लाख रुपये धरलेत. सरिताशी बोलून आकडा पक्का केला आहे, तो वर सरकणार नाही. हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि जॅकेट माझ्याकडे आहेतच. काईट, बार (काईटच्या दोऱ्या जोडलेला हातात धरायचा दांडा) आणि बोर्ड मात्र दरवेळी भाड्याने घ्यावे लागतात आणि ऐन चांगला वारा आला की आपल्या मापाचा काईट दुसऱ्याच्या हातात असतो. हे आता थांबवायचं आहे.

तू सुचवतोस तो काईट चांगला आहे, सवलतही खरी आहे. तुझ्यासाठी तो अगदी बरोबर बसतो. पण तुझं वजन ६२ किलो, माझं ८०. आणि त्याहून मोठा फरक महिन्यांचा आहे. तू जातोस जुलै-ऑगस्टमध्ये, कंपनीची सुट्टी बघून. तेव्हा रामेश्वरमकडे नैऋत्येचा वारा दिवसभर कडक असतो, नऊ मीटरचा काईटही कधी कधी मोठा वाटतो. मी त्या दिवसांत घराबाहेर पडू शकतो का? पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. आषाढ-श्रावणात शेतकऱ्याने गाव सोडायचं म्हणजे वर्ष सोडायचं.

मला मोकळे दिवस मिळतात ते संत्र्याच्या आंबिया बहाराच्या ताणाचे. डिसेंबरात बगीच्याचं पाणी तोडलं की झाडाला मुद्दाम उपाशी ठेवायचं असतं, पानं मलूल होऊ द्यायची, म्हणजे जानेवारीत पाणी सोडल्यावर फुटवा आणि फूल एकदम येतं. त्या मधल्या काळात ओलीत नाही, मोटरच्या लायनीची वाट पाहत रात्री जागायचं नाही. कपाशीची वेचणी चालू असते, पण ती आई आणि सरिता सांभाळतात. तुरी कापायला जानेवारीचा शेवट उजाडतो. वर्षात एवढीच फट आहे आणि नेमका तेव्हा तिकडे ईशान्येचा वारा असतो. तो नैऋत्येच्या वाऱ्यासारखा माजलेला नसतो. सकाळ सरली की भरायला लागतो, बऱ्याचदा १४-१५ नॉटवर (ताशी २६-२८ किलोमीटर) रेंगाळतो, चांगल्या दिवशी १८ पर्यंत चढतो.

आता हिशेब बघ. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १४ नॉटचा वारा २० झाला की आकडा दीडपटसुद्धा झालेला नसतो, पण काईटवरची ओढ दुप्पट होते. म्हणजे तुझ्या ऑगस्टच्या वाऱ्यात नऊ मीटर जे काम करतो, ते माझ्या डिसेंबरच्या वाऱ्यात करायचं झालं तर कापड बरंच जास्त लागतं. माझ्या वजनाच्या माणसाला १४ ते २० नॉटमध्ये १२ मीटरचाच काईट. नऊ मीटर घेतला तर मी निम्मे दिवस किनाऱ्यावर बसून पाण्यात लाटा कधी पांढऱ्या होतात ते बघत राहीन. विकणारा सांगतो तो वारा वेगळा आणि माझ्या पदरात पडणारा वारा वेगळा. मला माझ्या वाऱ्याचा काईट घ्यायचा आहे. तुझा नऊ आणि माझा बारा झाला तर पुढेमागे अदलाबदलही करता येईल, तो फायदा निराळाच.

मग १४ मीटर का नको, असं तू विचारशील. मीही तो विचार केला. पण तो वळायला जड असतो, वारा जरा वाढला की ठेवून द्यावा लागतो. हलक्या वाऱ्यात पुढे सरकायचा त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मोठा बोर्ड. भाड्याने मिळतो तो १३८ बाय ४२ सेंटिमीटरचा. त्याऐवजी १४५ बाय ४५ चा घेतला की पाण्यावर लवकर उचलला जातो, कमी ओढीतही बुडत नाही. वापरलेला बोर्ड काईटच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतो, त्यात फुगवायचं काही नाही आणि बिघडायचंही फारसं काही नाही. पट्ट्या आणि पॅड बदलले की झालं. बोर्ड जुना घ्यायला मला अजिबात भीती वाटत नाही.

फॉइलचं, म्हणजे बोर्डाखाली लांब दांड्यावर बसवलेल्या पंखाचं, मला सांगू नकोस. कमी वाऱ्यात त्याच्यासारखं काही नाही, मान्य. पॅरिस २०२४ मध्ये काईट पहिल्यांदा ऑलिंपिकला आला तोही फॉइलवरच. पण आपण शिकलो त्या खाजणात पाणी कमरेइतकं, काही ठिकाणी गुडघ्याइतकं. तिथे पाण्याखाली तेवढा लांब दांडा घेऊन जायचं कुठे? आणि त्याची किंमत माझ्या सगळ्या लाखाला गिळून वर पुन्हा मागणारी.

आता मुद्द्याची गोष्ट. काईट जुना चालेल, बोर्ड जुना चालेल. बार मी नवाच घेणार आहे.

हा निर्णय घेताना आबांनी मला मोठी मदत केली. दिवाळीत तू तुझा बार इथे ठेवून गेलास ना, तो मी ओसरीत काढून ठेवला होता. आबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे इतकं ओढते म्हनतं, तर मंग सुटाचं कसं?" मी बारच्या दोऱ्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधल्या, हार्नेस घातला आणि त्यांना दाखवलं. आधी बार सोडून द्यायचा, ओढ लगेच कमी होते. तरी ऐकत नसेल तर रिलीझ, म्हणजे काईट सोडवायचा खटका, ढकलायचा, काईट एका दोरीवर लटकून पडतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर लीश, म्हणजे काईटला हार्नेसशी जोडून ठेवणारी ती शेवटची दोरी, तीसुद्धा सोडायची आणि काईटवर पाणी सोडायचं. मी मागे झुकून पूर्ण भार दिला आणि आबांना म्हटलं, आता तुम्ही ढकला. त्यांनी तळहाताने रिलीझ ढकलला. खट् झालं आणि मी दोन पावलं मागे गेलो. त्यांनी मला तो पुन्हा जोडायला लावला आणि पुन्हा ढकलला. मग डाव्या हाताने. मग डोळे मिटून. शेवटी म्हणाले, "बैलाचा कासरा हाताले गुंडाळून कोनी धरते काय? जवा सोडाव वाटलं तवा सुटलंच पायजे." प्रशांत, आपल्याला शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही. आबांनी समुद्र पाहिलेला नाही, पण उधळलेला बैल पाहिलेला आहे.

तर बारवर तडजोड नाही. रिलीझसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे मानक आलं. भार पडलेला असतानाही तो सुटला पाहिजे, किती जोर लावल्यावर सुटला पाहिजे, हे त्यात ठरवून दिलं आहे. त्याच्या आधीचे बार बाजारात स्वस्तात मिळतात, पण वाळू आणि मीठ खाल्लेला जुना रिलीझ ऐनवेळी अडकला तर वाचवलेले पंधरा-वीस हजार काय कामाचे? शिवाय जुन्या दोऱ्या ताणून ताणून कमीजास्त झालेल्या असतात आणि काईट एका बाजूला खेचत राहतो.

हिशेब असा मांडलाय: काईट ३८ हजार, बार ४२ हजार, बोर्ड १४ हजार. उरलेल्या सहा हजारांत दोरी कापायचा चाकू, ब्लॅडरच्या (काईटच्या आतल्या हवेच्या पिशवीच्या) चिकटपट्ट्या आणि फाटलेल्या कापडावर लावायची रिपस्टॉपची टेप. प्रवासाचे पैसे वेगळे आहेत.

आता तुझ्याकडे काम. ठाण्याचा एक जण १२ मीटरचा काईट विकतोय, तीन हंगाम वापरलेला, बारशिवाय. नंबर फोनवर देतो. तू स्वतः जाऊन बघ, फोटोवर विश्वास ठेवू नकोस. सकाळी लवकर जा आणि त्याच्या गच्चीवर काईट कडक फुगव, टिचकी मारल्यावर डफासारखा वाजला पाहिजे. मग स्ट्रटच्या (काईटच्या आडव्या फुगणाऱ्या नळ्यांच्या) क्लिपा बंद कर, म्हणजे गळती असेल तर नेमकी कुठे ते कळेल. तसाच सावलीत ठेवून जेवायला जा, संध्याकाळी परत ये. तोवर मऊ पडला असेल तर ब्लॅडर गळतोय. एखादं बारीक छिद्र असेल तर हरकत नाही, ते मी घरी बुजवीन. व्हॉल्व्हची बैठक मात्र बोटाने हलकेच कडेकडेने उचलून बघ. गोंद सुटायला लागला असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो टिकणार नाही. काईट कुठे ठेवत होता हेही विचार. गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने पडून होता असं म्हणाला तर नमस्कार करून निघून ये.

कापड हातात घेऊन चुरगळून बघ. चांगलं कापड कुरकुर वाजतं. उन्हात जास्त राहिलेलं कापड धुतलेल्या जुन्या लुगड्यासारखं मऊ पडतं. मग एका जागी तोंड लावून फुंकर मार. हवा पलीकडे जात असेल तर त्या काईटमध्ये जीव राहिलेला नाही. मधल्या कापडाला छोटी टेप लावलेली असेल तर चालेल, पण पुढच्या फुगणाऱ्या नळीच्या शिवणीपाशी दुरुस्ती दिसली तर मला आधी फोटो पाठव. ब्रायडलच्या, म्हणजे काईटच्या पुढच्या कडेला बांधलेल्या दोऱ्यांच्या, कप्प्या फिरवून बघ, मिठाने दातरल्या नसाव्यात. मागची कड खूप फडफडून फाटायला आली आहे का तेही बघ. आणि एक गोष्ट विसरू नकोस: तो काईट कोणत्या प्रकारच्या बारवर चालतो, पुढच्या दोन दोऱ्या खालपासून वेगळ्या होतात की वरून, पाचवी दोरी लागते का, हे त्याच्याकडून लिहून घे. बार मी त्यावरूनच मागवणार आहे.

तू विचारलं होतंस, अप्पर वर्धा एवढं जवळ असताना रामेश्वरमपर्यंत कशाला? सिंभोऱ्याला धरणावर मी उभा राहून वारा बघितला आहे. पाणी ऐसपैस आहे, पण वारा झटक्याझटक्याने येतो, मासेमारीची जाळी असतात आणि काही झालं तर आणायला होडी नाही. परवानगीचा प्रश्न त्यानंतरचा. उन्हाळ्यात तर आपल्याकडे वावटळ केव्हा उठेल याचा नेम नसतो, काईट आणि वावटळ हे दोन्ही एकाच आभाळात नकोत. सरावाचा छोटा तीन मीटरचा काईट मी फाल्गुनात, गहू निघाल्यावर, सकाळी लवकर मोकळ्या वावरात उडवतो. तेही मोटरच्या तारांपासून लांब, आमच्या खालच्या धुऱ्यावर.

पण एक दिवस इथल्या पाण्यावरही रीतसर काहीतरी सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड धरायला शिकली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. तिच्या गावालाही समुद्र नाही. वरूड-मोर्शीची पोरं पाण्याला आणि वाऱ्याला घाबरत नाहीत, त्यांना हातात धरायला काही मिळालेलं नाही एवढंच.

काईट इथे आल्यावर ठेवायची जागाही ठरली आहे. टिनाच्या खोलीत नाही, तिथे मे महिन्यात हात लावला तर पोळतो. जुन्या मातीच्या घरातली आतली खोली आहे, तिथे आढ्याला पिशवी टांगून ठेवणार, कारण कापूस भरला की उंदीर येतातच. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा, रिलीझ आणि कप्प्या आधी धुवायच्या.

तिकिटं नागपूर ते चेन्नई आणि तिथून रामेश्वरम अशी बघतोय. नवा पांबन पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून गाडी पुन्हा थेट बेटावर जाते, एवढं सामान घेऊन पुलाच्या अलीकडेच उतरायची कटकट संपली. बोर्ड वरच्या बर्थवर भिंतीकडे टेकवून ठेवीन. तुला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस काढता आले तर बघ ना. वारा हलका असला तरी तुझ्या वजनाला माझा बारा भरपूर होईल, आपण आळीपाळीने घेऊ.

ठाण्याला रविवारच्या आत जाऊन ये, त्याला आणखी एक गिऱ्हाईक आलंय म्हणे. काईट पसंत पडला तर दोन हजार देऊन थांबव, बाकीचे मी त्याच दिवशी पाठवतो. तुझा बार आणि काकूंसाठी संत्र्याची एक पेटी आमचा बाळू मंगळवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवतो आहे. पेटी आल्या आल्या उघडा, वरचा थर जरा पिकलेला आहे.

तुझा,
मनोज