तासगावच्या चाचांना, परिक्रमेहून परतल्यावर

चाचा, सप्रेम नमस्कार.

परवा रात्री अकराला गाडी दारात उभी केली. निघताना तुम्ही डॅशबोर्डवर खडूनं किलोमीटरचा आकडा लिहून दिला होता. तो वजा केला तर ४६१२ किलोमीटर झाले. फोनवर "पोचलो" एवढंच सांगितलं, कारण सगळी दमलेली होती. आभार मात्र फोनवर नीट मानता येत नाहीत, आणि गॅरेजात येऊन मानावे तर तुम्ही पाना शोधायला वळता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे. जुनी पिकअप घेऊन लांब जायचं ज्याच्या मनात असेल, त्याला तुम्ही काय काय केलंत ते कळू दे.

आमची कॅम्पर, म्हणजे मागं सीट आणि हौदा दोन्ही असलेली पिकअप, २००७ ची. बेदाण्याच्या पैशातून घेतलेली. तेरा वर्षं तिनं द्राक्षाचे क्रेट, औषधाचे पिंप, लग्नाची वऱ्हाडं, सगळं वाहिलं. ह्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, बाग वाट्यानं दिली, आणि मग चार वर्षं ती चिंचेखाली उभी. पासिंगपुरती वर्षातून एकदा बाहेर निघायची, नाहीतर मी कधी बाजारापर्यंत न्यायची. सासूबाईंना नर्मदा परिक्रमा करायची होती. ट्रॅव्हल्सच्या बसचं वेळापत्रक त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. माझी आईही म्हणाली, मी येते. मग ठरलं, दोन्ही म्हाताऱ्या मागच्या सीटवर, हे माझ्या शेजारी आणि स्टिअरिंगवर मी.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका गॅरेजात गेलो होतो. तिथं सगळं बोलणं ह्यांच्याशी झालं. गाडी मी चालवणार आहे हे सांगूनही झालं, तरी मान ह्यांच्याकडेच वळायची. इंजिन पूर्ण उघडावं लागेल, साठ हजार धरून चला, असं सांगितलं. आम्ही जवळपास बेत सोडला होता.

तुम्ही पहिला प्रश्न विचारला तो अजून कानात आहे. "चालवणार कोण?" मी म्हटलं, मी. "मग वहिनी, तुम्ही हितं हुबं ऱ्हावा. भाऊ, तुम्ही बसा खुर्चीवर, च्या घ्या." त्या दिवसापासून गाडीबद्दलचा प्रत्येक शब्द तुम्ही माझ्याशी बोललात. चाचा, सगळ्यात मोठे आभार ह्याचे आहेत. बाकीचं सगळं त्यातूनच आलं.

इंजिन तुम्ही उघडलं नाहीत. गाडी तापू दिलीत, ऑइल भरायचं झाकण काढून धूर किती येतो ते मला बघायला लावलंत, हात धरायला लावलात. सकाळी थंड असताना एका सेल्फला उचलते का ते दोन दिवस बघितलंत. मग म्हणालात, इंजिनला काही झालेलं नाही, उभं राहून राहून बाकीच्याला झालंय. उंदरांनी हेडलाइटची वायर कुरतडली होती. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा सिलिंडर गंजून अडकला होता. डिझेलच्या टाकीत तळाला गंज आणि पाणी साठलं होतं. चार वर्षं अर्धी रिकामी टाकी, रात्रीच्या गारव्यात आत दव धरतं, हे मला कुठून माहीत असणार? मागच्या कमानीतला, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांतला, दुसरा पाटा मोडलेला निघाला. तो तर वरून दिसतही नव्हता. तुम्ही मला गाडीखाली सरपटायला लावून बॅटरीच्या उजेडात चीर दाखवलीत.

टायरवरून आपलं वाजलं होतं, आठवतंय? नक्षी चांगली खोल होती. मी म्हटलं, हे कशाला बदलायचे, चाललेच कुठंत? तुम्ही काही न बोलता ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसलीत आणि त्यावरचे चार आकडे वाचायला सांगितलेत. १४१७. म्हणजे २०१७ सालातल्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. मग हवा थोडी कमी करून रबर अंगठ्यानं दाबलंत, तर नक्षीच्या मुळाशी बारीक बारीक भेगा उघडल्या. टायर झिजला नव्हता, पण म्हातारा झाला होता, आणि लोड घेऊन तापलेल्या रस्त्यावर दिवसभर पळाला असता तर फुटला असता. स्टेपनी तर त्याहून जुनी. मी वाद घातला ते मनावर घेऊ नका. पाच टायरांचे पैसे एकदम काढायचे म्हणजे माझ्या पोटात गोळा आला होता, आणि तुम्ही ते ओळखून तुमचं निम्मं बिल परत आल्यावर द्या म्हणालात.

आणि मग तुम्ही आमचा मुहूर्त मोडलात. कार्तिकी एकादशी झाली की लगेच निघायचं ठरलं होतं. सासूबाईंनी नारळ आणून ठेवले होते. तुम्ही म्हणालात, आधी भरल्या गाडीनं घाट दाखवू. हौद्यात सामानाच्या वजनाची पोती टाकली, आणि आपण कोल्हापूरवरून आंबा घाटात गेलो. साखरप्यापर्यंत उतरलो तोवर सगळं छान. परत चढताना वरच्या वळणांवर इंजिनच्या तापमानाचा काटा लालच्या कडेला जाऊन टेकला. मी घाबरून पाण्याची बाटली घेऊन बॉनेटकडे धावले. तुम्ही माझा हात धरलात. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं असतं तर वाफ तोंडावर आली असती. आपण तिथं पाऊण तास नुसते बसलो, आणि त्या पाऊण तासात तुम्ही मला पाण्याचा सगळा रस्ता समजावलात. पंप कुठं, होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, कुठला गरम लागला पाहिजे, कुठला कमी गरम.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर उघडला तर अर्ध्या नळ्या चुन्यानं बंद. आमच्या बोअरचं जड पाणी तेरा वर्षं त्यात ओतलेलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, तर कुणीतरी केव्हाच काढून टाकला होता, "गाडी गार राहते" म्हणून. तुम्ही नवा बसवलात. इंजिन नको तेवढं गार राहिलं तरी झिजतं आणि डिझेल जास्त खातं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. होज, क्लिपा, फॅन बेल्ट, झाकण, सगळं नवं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. ह्यात आठ दिवस गेले. सासूबाई रागावल्या होत्या, मी खोटं कशाला लिहू? त्यांनी परवा स्वतःहून सांगितलंय, चाचाला सांग मी उगी बोलले.

त्या आठ दिवसांत तुम्ही ब्रेक ऑइल बदललंत, ते काम मला फार आवडलं. जुनं ऑइल चहासारखं झालेलं. ते हवेतलं पाणी पितं आणि घाटात तापलं की त्याची वाफ होऊन पॅडल खाली जातं, असं सांगून तुम्ही मला आत बसवलंत. "दाबा. धरा. सोडा." सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक आधी, मग बाकीची. तासभर मी पॅडल मारत होते. पाय दुखला, पण घट्ट झालेलं पॅडल कसं लागतं ते पायाला कळलं.

आता प्रवासाचं सांगते. जाताना सेंधव्याच्या अलीकडं बिजासन घाट चढलो. काटा निम्म्यावरून हलला नाही. ओंकारेश्वरला पूजा करून, नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून निघालो. शहादा, प्रकाशा, अंकलेश्वर. रोज रात्री गाडीखाली जुना पेपर पसरायचा आणि सकाळी त्यावर काय पडलंय ते बघायचं, हा तुमचा नियम मी एक दिवस चुकवला नाही. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा कूलंटचा, जाड आणि उग्र वासाचा गिअर ऑइलचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर गाडी हलवायचीच नाही. आश्रमातली माणसं विचारायची, ताई, रोज पेपर काय वाचताय वाकून? पंधराव्या दिवशी दोन काळे ठिपके आले. तुम्हाला फोटो पाठवला, तुम्ही म्हणालात ड्रेन बोल्ट अर्धा आटा आवळा. आवळला. बंद झालं.

गाडी थांबवली की चारी चाकांच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, हात लावून जास्त तापलाय का बघायचं, ही दुसरी सवय. ती आता जाणार नाही. काल बाजारातून आले तरी हात लावला.

विमलेश्वरला हे आणि दोघी म्हाताऱ्या भरतीच्या वेळेला, पहाटेच्या अंधारात नावेत बसल्या. तिथून खाडी ओलांडून पलीकडं मिठी तलाईला उतरायचं असतं. परिक्रमेत मैया ओलांडायची नाही, पण गाडीला नावेत जागा नाही. ती पुलावरूनच न्यावी लागते, आणि ती नेणारी मी. सासूबाई रडल्या, तुझी परिक्रमा मोडंल म्हणाल्या. मी एकटी अंकलेश्वरवरून भरूचला आले, १८८१ च्या जुन्या गोल्डन ब्रिजशेजारच्या नव्या पुलावरून पलीकडं गेले आणि दहेजच्या रस्त्याला लागले. परका मुलूख, अंधार, शेजारी कुणी नाही. आणि चाचा, मला भीती वाटली नाही. तिसऱ्या गिअरला तिचा आवाज कसा असतो, चौथ्यात टाकल्यावर कसा बसतो, हे मला माहीत होतं. पुलावर मी काच खाली करून हात जोडले आणि मैयाला सांगितलं की मी ओलांडते आहे ते ह्या तिघांना पलीकडं भेटण्यासाठी.

अमरकंटकच्या अलीकडं, मैकल डोंगरातल्या जंगलाच्या रस्त्यावर गाडी ठेचकाळायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर नाही, मग बंदच. आदल्या संध्याकाळी एका लहान पंपावर डिझेल भरलं होतं. मी डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून बाटली धरली. तळाला दोन बोटं पाणी. तुम्ही दिलेला फिल्टर काढला, बदलला, वरचा स्क्रू उघडून हातपंप मारत बसले. बुडबुडे, बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला. तिसऱ्या सेल्फला गाडी उठली. गॅरेजात हेच काम तुम्ही माझ्याकडून तीनदा करून घेतलं होतंत, आणि तिसऱ्यांदा मी वैतागले होते. ह्यांना एका हातानं स्क्रू आवळता आला नसता, आणि फोनला रेंज नव्हती. मागून दोघींनी "नर्मदे हर" असा गजर केला. मी मनात तुमचं नाव घेतलं, ते तुम्हाला सांगायचं होतं.

परतताना बिजासन उतरायचा होता. त्या उतारावर ट्रकांचे ब्रेक गेल्याच्या गोष्टी धाब्यावर ऐकल्या होत्या. ज्या गिअरनं चढला त्याच गिअरनं उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे तुमचं वाक्य ह्यांनी मला दर वळणाला ऐकवलं, इतकं की शेवटी मी ओरडले. खाली येऊन हबला हात लावला. कोमट होते.

राहिलेलं बिल घेऊन गुरुवारी येते, शुक्रवारी दुपारी तुमचं बंद असतं. पाट्यांतून बारीक करकर येते आहे, बुश असतील, बघा. सासूबाईंनी तुमच्या घरी द्यायला शेंगदाण्याचे लाडू केलेत, डबा परत करायची घाई नाही. आणि मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याच्या जॉइंटचा जो जादा क्रॉस तुम्ही फडक्यात बांधून सीटखाली ठेवला होता, "लागला नाही तर परत आणा, पैसे नकोत" म्हणून, तो तसाच गाठ न सोडता घेऊन येते आहे.

तुमची,
पांढऱ्या कॅम्परवाली वहिनी