उज्जीवन सभेच्या निमित्ताने बापूला पत्र

नाशिक,
श्रावणातला सोमवार

प्रिय बापू,
सप्रेम सलाम.

गेल्या आठवड्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पास्टोरेट कमिटीची बैठक झाली आणि तीत जवळजवळ असे ठरले की लोकांचा विश्वास पुन्हा जागवण्यासाठी नाताळापूर्वी तीन दिवसांची उज्जीवन सभा घ्यावी, मोठे मैदान भाड्याने घ्यावे, बाहेरगावचा नावाजलेला वक्ता आणावा, गायकांचा संच पुण्याहून बोलवावा आणि या सगळ्यासाठी प्रत्येक कुटुंबाने नेहमीच्या अर्पणाखेरीज वेगळे दान द्यावे. माझी संमती तेवढी बाकी आहे आणि येत्या रविवारी उपासनेनंतर मला ती द्यायची किंवा नाकारायची आहे. हे मी दुसऱ्या कोणाला कळवले असते तर त्याने अभिनंदन केले असते किंवा खर्चाचा अंदाज विचारला असता. तुला लिहितो आहे, कारण उज्जीवन कोठून येते या एका प्रश्नावर आपण सेमिनरीच्या गच्चीवर जितके भांडलो तितके बहुधा दुसऱ्या कशावरही भांडलो नाही, आणि मंगळवारी सातपूरला जे घडले त्याचा अर्थ त्या भांडणातला दुसरा गडीच लावू शकेल.

प्रकृतीचे विचारशील म्हणून लिहितो: साखर ताब्यात आहे, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, तुझी वहिनी ठीक आहे.

कमिटीच्या मागणीमागची कळकळ खरी आहे, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या देवळातले मागचे बाक रिकामे पडू लागले आहेत. अंबड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या भागांत राहायला गेलेली आपली मुले तिकडेच भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या संगतींना जातात, आणि त्यांच्या आईवडिलांना ही गोष्ट मंडळीत सांगायची लाज वाटते. मी त्यांतल्या बऱ्याच मुलांशी बोललो. मोठे संगीत आणि टाळ्या हे कारण वरवरचे आहे. त्यांच्याशी थोडे अधिक बसले की कळते की तेथे कोणाची मुलाखत कधी आहे, कोणाच्या बहिणीचे लग्न मोडले, कोणाला रात्रपाळी लागली, हे कोणीतरी लक्षात ठेवून पुढच्या खेपेला विचारतो. आपल्याकडे त्यांना ‘अमक्यांचा नातू’ म्हणून सगळे ओळखतात, पण रात्रपाळीचे कोणी विचारत नाही. ही गोष्ट मला फार लागली आहे, बापू. मैदानावरच्या सभेने ती कशी भरून निघेल हे मला कोणीही समजावून सांगू शकलेले नाही.

आणि विचारायचे कोणी? तुला आपला आठवडा माहीत आहे. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या नोटिसा, दफनभूमीच्या भिंतीचा वाद, देवळाच्या वायरिंगचा ठेकेदार, इस्पितळातल्या भेटी, दोन भावांमधला घराचा तंटा, आणि शनिवारी रात्री अकरा वाजता संदेशाची तयारी. पाळक दिवसभर मंडळीचीच कामे करतो आणि तरीही मंडळीतल्या एका माणसाशेजारी निवांत बसणे त्याच्या वाट्याला येत नाही. माझ्या वडिलांच्या काळी पाळकसाहेब सायकलवरून घरी येत, ओसरीवर बसत, शेंगा सोलत आणि निघताना प्रार्थना करून जात. त्यांच्या मंडळीचा पसारा एका सायकलीच्या आवाक्यातला होता, आमची मंडळी देवळालीपासून सातपूरपर्यंत पसरली आहे. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. पण त्या शेंगा सोलण्यातून जे घडत होते ते दुसऱ्या कोणत्या रीतीने घडवायचे, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

बैठकीत दादासाहेबांनी केडगावचे उदाहरण दिले. ‘पाळकसाहेब, १९०५ साली मुक्ती मिशनमध्ये पेटलेली उज्जीवनाची आग साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, मग आता का नको?’ असा त्यांचा सवाल होता, आणि तो विचारताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना म्हटले की केडगावचेच उदाहरण घेऊ, पण पुरते घेऊ. मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी कोणा नावाजलेल्या वक्त्याची वाट पाहिली नव्हती. त्या वर्षाच्या आरंभापासून त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी लोक गोळा केले, आणि ज्यांच्यात जागृती आली त्यांत दुष्काळातून वाचवून आणलेल्या, कोणीही नाव न विचारलेल्या मुली होत्या. पुढे त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत प्रार्थना करीत आणि सुवार्ता सांगत फिरल्या. मैदानाचे भाडे त्यांत कोठेच नव्हते. दादासाहेब यावर गप्प बसले, पण त्यांना ते पटले असे मला वाटत नाही. त्यांच्या पिढीने गर्दी पाहिली आहे आणि मंडळीत पुन्हा एकदा गर्दी पाहूनच त्यांना डोळे मिटायचे आहेत. या इच्छेचा अनादर मला करवत नाही, म्हणून तर नाही म्हणणे जड जाते.

येथे तू नक्की कवी ना. वा. टिळकांना मध्ये आणशील, म्हणून मीच आणतो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसावेत असा त्यांचा हेतू होता. तू तेव्हा म्हणायचास की मंडळीला चौकटीबाहेर काढल्याशिवाय तिच्यात प्राण येत नाही, आणि मी म्हणायचो की दीड-दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही, कारण त्याला घट्ट चौकट नव्हती. माझे मत अजून तेच आहे. प्रभुभोजनाचे मेज, पापांगीकार (पापांची कबुली), विश्वासांगीकार (विश्वासाची घोषणा) आणि वर्षभराचे ठरलेले वाचन यांवाचून मंडळी कोणा एका माणसाच्या तेजावर चालते आणि त्या माणसाबरोबर मावळते. तू नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेला आणि मी नाशिकच्या अँग्लिकन घरातला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आपल्या मंडळ्या एक झाल्या खऱ्या, पण सेमिनरीच्या जेवणघरात तुझी उत्स्फूर्त प्रार्थना ऐकता ऐकता आमटी गार होत असे, तेव्हा त्या ऐक्याची रोज परीक्षा होई.

आता मंगळवारचे सांगतो.

सातपूरला कामगार वस्तीत आमची एक कुटुंबप्रार्थना असते. त्या दिवशी ज्या घरी बसायचे होते त्या घरातल्या कर्त्या मुलाचे कारखान्यातले कंत्राट नुकतेच संपले होते. वरच्या धरणातून पाणी सोडले होते, रामकुंडावर दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात होता आणि पुलांवर खोळंबा झाल्याने मी उशिरा पोहोचलो. दहा-बारा माणसे दाटीवाटीने बसली होती. त्यांत घरातला धाकटा नातूही होता, जो वर्षभरापासून हॉलमधल्या संगतीला जातो आणि ज्याने मला तोंडावर सांगितले होते की तुमची उपासना म्हणजे मेलेले शब्द आहेत. मी पुस्तक उघडले तेवढ्यात घरातली आजी म्हणाली, ‘पाळकसाहेब, तुम्ही दमून आलात, बसा. आज मी चालवते.’

तिला अक्षरओळख नाही, बापू. तुमच्याच नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून लग्न होऊन ती येथे आली आणि तेव्हापासून दर रविवारी पुढून तिसऱ्या बाकावर बसत आली. तिने डोळे मिटले आणि पापांगीकार सुरू केला, एकही शब्द न चुकता, पण असा, की जणू प्रत्येक वाक्य त्या आठवड्यात तिच्याच घरात घडले होते. मध्येच थांबून ती म्हणाली की या घरात परवा भाकरीवरून भांडण झाले तेही यात धर, प्रभू, आणि पुन्हा ठरलेल्या शब्दांवर आली. सगळे तिच्यामागून म्हणत होते. तो नातूही म्हणत होता, कारण मेलेले असोत नाहीतर जिवंत, ते शब्द लहानपणापासून त्याच्या जिभेवर होते. मग तिने नोकरीसाठी प्रार्थना केली, शेजारच्या आजारी बाईसाठी केली आणि शेवटी म्हणाली, ‘प्रभू, आमचा पाळक सगळ्यांच्या घरी जातो, त्याच्याकडे कोण जातं? त्याला तू सांभाळ, आणि आम्हालाही त्याला सांभाळायला शिकव.’

मला त्यानंतर आशीर्वाद नीट उच्चारता आला नाही. पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला ‘बंधूंनो, आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे लिहिले आहे, आणि त्या ओळीवर मी स्वतः अनेकदा बोललो आहे, पण ती विनंती कोणीतरी पुरी केली आहे असे त्या खोलीत प्रथम जाणवले. आपल्या पाळकपदाच्या दीक्षेच्या आदल्या रात्री तू मला विचारले होतेस की तुझ्यासाठी प्रार्थना कोण करतं. मी तेव्हा ‘सगळी मंडळी करते’ असे उत्तर दिले होते आणि तू नुसता माझ्याकडे बघत राहिला होतास. म्हणून हे पत्र तुला.

घरी परतताना मला सारखा जेकब वेनराइट आठवत होता. आपण दोघे इथे नाशिकच्या शरणपूरला हिंडलो होतो तेव्हा मी तुला त्याची कथा सांगितली होती, पण ती मला आता वेगळी दिसते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत आणली गेली, तेथे शिकली, हातांना काम शिकली, आणि त्यांतला हा जेकब पुढे प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन चितांबोच्या गावात वारला, तेव्हा आसपास कोणी पाळक नव्हता आणि कोणी मिशनरी नव्हता. त्याचे हृदय झाडाखाली पुरताना दफनविधीची उपासना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या जेकबने. मग लिव्हिंगस्टनचे आफ्रिकन सेवक सूसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी ते शव दीड हजारांहून अधिक किलोमीटर चालत समुद्रापर्यंत आणले, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा जेकब तेथे उभा होता. तू म्हणशील, पाहा, पाळकावाचून मंडळी उभी राहिली. मी म्हणेन, पाहा, तिच्या ओठी शब्द होते म्हणून उभी राहिली. सातपूरच्या आजीने मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवल्या, आणि आपल्या भांडणातली कोणती बाजू त्यामुळे वर आली हे मी ठरवू शकत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीविषयी लिहिले आहे की ते दररोज मंदिरात जमत आणि घरोघरी भाकर मोडत. आपण दोघांनी त्या एका वाक्याचे दोन तुकडे करून एकेक वाटून घेतला होता.

तर रविवारी मी असे सुचवणार आहे की नाताळापर्यंत दर आठवड्याला शहराच्या प्रत्येक भागात एक घर उघडावे, तेथली प्रार्थना घरातल्याच कोणीतरी चालवावी, त्याने किंवा तिने उपासनेचे ठरलेले शब्द धरून त्यांत आपल्या घराचे दुःख आणावे, आणि पाळकाने एका कोपऱ्यात बसून ऐकावे. ज्या मुलांनी देऊळ सोडले त्यांच्याकडे कमिटीच्या सभासदांनी स्वतः जावे, परत या असे मुळीच सांगू नये, फक्त रात्रपाळीचे विचारावे. महिन्यातून एका रविवारऐवजी दर रविवारी प्रभुभोजन व्हावे. मैदानाच्या भाड्याचे पैसे ज्यांची कंत्राटे संपली त्यांच्या मुलांच्या फीसाठी ठेवावेत. सभा कायमची नको असे मी म्हणणार नाही. पुढच्या पेन्टेकॉस्टला, घरे उघडून काही महिने झाल्यावर, पुन्हा विचार करू असे म्हणेन, आणि दादासाहेबांना पहिले घर उघडण्याची विनंती करीन, कारण त्यांचे भरून आलेले डोळे मैदानापेक्षा त्यांच्या बैठकीच्या खोलीत अधिक उपयोगी पडतील.

दोन सभासद मोठ्याने विरोध करतील. एकाचे म्हणणे मला आताच ठाऊक आहे: ‘लोक घरात येत नाहीत, मैदानात येतात.’ दुसरे म्हणतील की अशिक्षित बाईने उपासना चालवणे शोभत नाही. पहिल्याला मी शांतपणे उत्तर देईन. दुसऱ्याला शांतपणे उत्तर देता येईल की नाही याची मला काळजी वाटते, कारण त्या आजीविरुद्ध कोणी एक शब्द बोलले तर मला सहन होणार नाही.

तुझी बदली झाल्याचे कळले. नवी मंडळी मोठी आहे म्हणतात, घर कसे आहे, पाण्याची सोय आहे का? मुलीला बारावीला चांगले गुण मिळाले, तिला माझा आशीर्वाद सांग आणि नर्सिंगला जायचे असेल तर तिला अडवू नकोस. आईंचे मोतीबिंदूचे झाले का? वहिनींना सलाम.

पण उत्तर लिहिताना या सगळ्याआधी एक गोष्ट लिही. दर रविवारचे प्रभुभोजन आणि घरोघरची प्रार्थना ही दोन्ही एकदम मागितली तर कमिटी दोन्ही नाकारील, असे तुझ्या वहिनीचे मत आहे. एकच मागायचे असेल तर कोणते आधी मागू? तू ‘घरे’ म्हणणार हे मला माहीत आहे, म्हणून नुसते तेवढे लिहू नकोस. तुमच्याकडे ती कशी टिकली, कोठे मोडली, आणि मोडली तेव्हा लोक कोणत्या शब्दांकडे परत आले, हे सविस्तर लिही. शनिवारपर्यंत पत्र पोहोचणार नाही, तेव्हा शुक्रवारी रात्री नऊनंतर फोन कर, त्या वेळी मी घरी असतो.

तुझा,
नाना