या आखाजीला मी नसेन

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि मग माझंही बोलणं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी येणार नाही. आत राहता येईल अशी गाडी तयार आहे, रजाही मंजूर झाली. चैत्र संपायच्या आत आम्ही दोघं निघतोय. आग्रा रोडने सेंधवा, इंदूर, तिथून राजस्थान करत हिमाचल. दोन महिने.

बाबा, तुम्ही विचारलंत, "घर सोडीसन गाडीमा काब्बर ऱ्हावानं?" तेव्हा मी गप्प बसले. खरं तर रजा साठली होती, वाया गेली असती. तुमच्या जावयांचं काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. हॉटेलांचा खर्च वाचतो. गाडीत केलेले बदल आरटीओकडून रीतसर मंजूर करून घेतलेत, पुस्तकात नोंद आहे. आणि सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर जाऊ म्हणून भरून ठेवलेली ती बॅग तुम्ही पाहिली आहे. तेवढं एक कारण पुरे होतं, बाकीची मी उगाच सांगतेय.

आजीच्या नावाने घागर भरताना मी नसेन, हे मात्र मनातून जात नाही. डांगर आणि सांजोऱ्या दादाकडून ठेवून घ्या. मी जिथे असेन तिथे त्या दिवशी पाणी भरून ठेवीन.

आई, तुझी काळजी एकच, अंघोळीची. पोर पारोशी फिरेल, पारोशीच जेवेल. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण फेब्रुवारीत आम्ही तोरणमाळला दोन रात्री गाडीत राहून आलो. रागावू नका. पहिल्या दिवशी दोघांनी घरच्यासारखा शॉवर घेतला आणि सत्तर लिटरची टाकी संध्याकाळीच कोरडी पडली. तेव्हा तुझी आठवण आली. नळ पाचव्या दिवशी यायचा, तेव्हा अर्ध्या बादलीत आम्हा दोघा भावंडांना लख्ख करायचीस ना? आधी ओला पंचा, मग साबण, पाणी सगळ्यात शेवटी. मान, काखा, पाय आधी. तेच आता गाडीत करते.

कृषी केंद्रातून पाच लिटरचा हातपंप आणलाय, फवारणीचा. बाबा, दचकू नका, नवा कोरा आहे, औषधाचा थेंबही त्यात गेलेला नाही. वीसेक वेळा दट्ट्या मारला की बारीक तुषार येतात, तीन लिटरमध्ये अंघोळ होते आणि थोडं पाणी उरतंसुद्धा. दुपारी काळी पिशवी भरून टपावर ठेवली की गरम पाणीही मिळतं. दर चौथ्या दिवशी लॉजवर खोली घेऊन केस धुईन. साबणाचं पाणी नदीत सोडत नाही. खाली वेगळी टाकी आहे, तीही पाण्यापासून दोनशे फूट लांब नेऊनच रिकामी करायची. कपडे झाकणाच्या बादलीत साबणाच्या पाण्यात टाकते. बिजासनी घाटाच्या वळणांवर ते हिंदकळून आपोआप धुऊन निघतील, मला फक्त पिळायचे. संडास गाडीतच आहे, रात्री बाहेर जायला लागत नाही. आणि आई, हे तुझ्यापुरतं: त्या चार दिवसांसाठी मी कप वापरते, उकळून घेते. कुठे काही टाकायचा प्रश्नच नाही.

उनपदेवला तू मला गरम पाण्याच्या धारेखाली धरायचीस आणि मी तुझ्या पदरात तोंड लपवायचे. पाणी पोळतंय म्हणून नाही, तुझ्या ओल्या लुगड्याचा वास आवडायचा म्हणून.

आता माझं ऐका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो. बाबा, बारा ते चार ओट्यावरसुद्धा बसायचं नाही. दर सोमवारी उपाशीपोटी साखर तपासून आकडा मला पाठवायचा, आणि रात्री झोपताना तळपाय बघायचे. गेल्या वर्षीसारखी जखम लपवायची नाही. आई, बिबडे घालायला गच्चीवर चढायचं नाही. गुडघा तुझा आहे, पण रात्रभर झोप माझी उडते. बिबडे कमी झाले तरी चालतील. वहिनीला एकटीला सगळं झेपत नाही, धुण्याला बाई लावा, पैसे मी पाठवलेत. परत करायचे नाहीत. रोज रात्री नऊला फोन करीन. डोंगरात रेंज गेली आणि एखाद्या दिवशी नाही लागला, तर घाबरायचं नाही.

शुक्रवारी रात्री शिरपूरला येतो, दोन दिवस राहून पुढे जाऊ. फक्त कळणाची भाकरी आणि ठेचा कर, मांडे करत बसू नकोस. मोरीतला पितळी तांब्या घासून ठेव, सोबत नेणार आहे.

बाबा, गाडी नऊ फूट उंच आहे. ती अंगणात यावी म्हणून तुम्ही कडुलिंबाची खालची फांदी छाटायला निघाल, मला माहीत आहे. छाटू नका. माझा झोका तिलाच बांधतात. गाडी बाहेर रस्त्यावर लावू.

तुमची,
चिमी